कंडक्टर पास्टर

पेणला आता माझं कुणी राहिलेलं नाही. तरी वर्षा-दोन वर्षांनी एखादी खेप होते, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला. या वेळी रिक्षावाल्याने गर्दी टाळायला गाडी मागच्या गल्लीत घातली आणि भातगिरणीचं जुनं गोदाम एकदम समोर आलं. मी त्याला थांबायला सांगितलं.

गिरणी बंद पडून जमाना झाला. गोदामाचे पत्रे बदललेत, दाराला निळा रंग आलाय. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपतीच्या मूर्ती दाटीने उभ्या होत्या. पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या. दारात एक बाई मांडीवर छोटी मूर्ती घेऊन पॉलिश पेपरने सोंड घासत बसली होती. तिच्या भुवयांवरसुद्धा पांढरी पूड होती.

"या ना. ऑर्डर द्यायची हाय का?"

"नाही. लहानपणी आम्ही इथं प्रार्थनेला यायचो."

"इथं?" तिने मागे वळून बघितलं. "देऊळ होतं का काय बाय इथं?"

"भाताचं गोदाम होतं. रविवारी आमची प्रार्थना व्हायची. येशूची."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा सोंडेला लागली. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही, हे मला आवडलं. "बघा बघायचं तर. फकस्त धक्का लावू नका."

मी आत गेले. ओल्या मातीचा, रंगाचा, कुठल्याशा औषधी तेलाचा वास होता. मला हवा होता तो वास नव्हता. तो असणार नाही हे ठाऊक असूनही मी थोडा वेळ उभी राहिले.

तेव्हा इथं तुसाचा वास असायचा. भाताचं तूस, कोंडा, गोणपाट आणि उंदीर. शनिवारी संध्याकाळी आई आणि आणखी दोघी-तिघी बायका गोदाम झाडून काढायच्या, पण तूस काही जायचं नाही. ते पत्र्याच्या खाचांत असायचं, वाशांवर असायचं. रविवारी टाळ्या सुरू झाल्या की ते वरून हळूहळू खाली यायचं, आणि पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या पडलेल्या असायच्या त्यांत फिरत राहायचं. बायकांच्या डोक्यावरच्या पदरांवर बसायचं. प्रार्थना संपून घरी गेलं की वेणी सोडताना माझ्या केसांतून निघायचं. गिरणीचा मालक स्वतः कधी आत आला नाही. पण रविवारी सकाळी तो इंजिन सुरू करायचा नाही, एवढं मला आठवतं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. पेण-रोहा गाडीवर. गडबच्या, वडखळच्या, नागोठण्याच्या थांब्यांवरची माणसं त्यांना नावाने ओळखायची. मला त्यांची चामड्याची पिशवी आठवते, तिकिटांचा ट्रे आठवतो, आणि तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा. तिकिटं फाडायची नसली तरी हातातला चिमटा ट्रेवर वाजवत राहायची त्यांना सवय होती. मी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तो आवाज घरातून गेला, आणि आई म्हणाली, घर कसं बहिरं झाल्यासारखं वाटतंय.

नोकरी त्यांनी का सोडली, बाप्तिस्मा का घेतला, याची गोष्ट त्यांनी पुढे आयुष्यभर साक्ष म्हणून लोकांना सांगितली. दर वेळी ती थोडी वेगळी असायची. सगळ्या गोष्टींत सारखं होतं ते इतकंच: मी नुकती चालायला लागले होते, मला ताप आला, आणि पेणच्या सरकारी दवाखान्यात केरळची एक नर्स माझ्या खाटेशी बसून तिच्या भाषेत हळू आवाजात देवाशी बोलत राहिली. अन्नम्मा सिस्टर. ताप उतरला. डावा पाय मात्र परत आला नाही. बाबा साक्षीत म्हणायचे, "पोर दिली. पाय यायचा हाय." समोरचे लोक म्हणायचे, "आमेन." मी पुढेच बसलेली असायची, पोत्यावर पाय लांब करून, आणि सगळे त्या पायाकडे बघायचे. एखादी गाडी यायला उशीर झाल्यावर स्टँडवरची माणसं रस्त्याकडे बघतात, तसे.

गावात आमच्याशी कुणी भांडलं नाही. वाळीतही टाकलं नाही. थोरले काका भात लावायला, कापायला बोलवत राहिले. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दारावरून पुढे जायला लागलं. आई त्या दिवसांत पापड लाटायला घ्यायची आणि जरा जास्तच लाटायची. पोलपाटावर लाटण्याचा आवाज संध्याकाळभर चालायचा. ती बाबांबरोबर प्रार्थनेला यायची, डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या रांगेत बसायची, गाणी म्हणायची. पण तिने बाप्तिस्मा घ्यायला पुष्कळ वर्षं लावली. कुणी विचारलं की म्हणायची, "पाणी जरा कोमट होऊ दे."

बाबा शिकलेले पास्टर नव्हते. पवित्र शास्त्र ते बोट ठेवून, थांबत थांबत वाचायचे. पण एकदा पुस्तक मिटलं की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. तो गाडीतला आवाज होता, इंजिनावरून पार ड्रायव्हरपर्यंत पोचणारा. "पुढं सरका, पुढं सरका," ते दारातल्यांना म्हणायचे, "मागं लोक उभं हायत." मग हसायचे. "ह्या गाडीत कुणी उभं राहून जायाचं नाय. सगल्यांना बसाया जागा हाय. मिठागरवाल्यांना हाय, ठाकरांना हाय, शेटलोकांना पन हाय, पन ते येत नायत." लोक त्यांना कंडक्टर पास्टर म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

येणारे तरी कोण? खाडीकडच्या मिठागरांतल्या काही बाया, पावलांना मिठाने पडलेल्या भेगा घेऊन. डोंगरातल्या वाडीवरची दोन घरं. गिरणीचा फिटर. अन्नम्मा सिस्टर, ड्युटी नसेल तेव्हा, पांढऱ्या साडीत आणि छत्री घेऊन, उन्हाळ्यातसुद्धा. ढोलकी होती, एक खंजिरी होती. गाणं चढत जायचं, टाळ्या जोरात व्हायच्या, आणि मग एका क्षणी गाण्याचे शब्द सुटून जायचे आणि ज्याची त्याची वेगळीच भाषा सुरू व्हायची. त्याला आम्ही अन्य भाषा म्हणायचो. बाबांची भाषा मला फार जलद वाटायची. मला बरेच दिवस खात्री होती की ते देवाला थांब्यांची नावं सांगतात. देवाला गाडी कुठे थांबते ते कळायला हवं, असं काहीतरी मी मनाशी धरलं होतं.

सकाळी अंघोळ झाली की बाबा माझ्याजवळ बसायचे. खोबरेल तेलाची लहान बाटली होती. थंडीत तेल गोठायचं, मग ते बाटली काखेत धरायचे, तेल तळहातांवर घेऊन चोळायचे आणि दोन्ही हात माझ्या गुडघ्यावर ठेवायचे. मोठ्या सभेतला त्यांचा आवाज तेव्हा नसायचा. "प्रभू, हा पाय," इतकंच म्हणायचे आणि गप्प बसायचे. मी कौलांकडे बघत राहायचे. कौलांच्या फटीतून चिमणी यायची. थोड्या वेळाने बाबा विचारायचे, "काय वाटतंय?"

"गरम वाटतंय," मी म्हणायचे.

त्यांचे तळवे गरमच असायचे. पण त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मग मीही रोज तेच सांगायची.

लोखंडी पट्ट्यांचा बूट मला आईने आणला. अन्नम्मा सिस्टरने मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ओळखीच्या नर्सला सांगून ठेवलं होतं. आई मला कडेवर घेऊन एसटीने गेली, पुन्हा मापाला गेली, पुन्हा आणायला गेली. पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या पट्ट्या, गुडघ्याच्या वर एक चामड्याचा पट्टा, खाली एक, आणि खाली जड काळा बूट. नव्या चामड्याचा वास इतका होता की पहिल्या रात्री मांजर त्याच्याशी झोपलं. मी उभी राहिले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले. आई दारात बसली होती, ती उठली नाही, तिने फक्त तोंडावर पदर घेतला.

गोदामात मात्र कुजबुज झाली. पास्टरच्या पोरीला लोखंड? मग आपण कशावर विश्वास ठेवायचा? फिटरने बाबांना तोंडावर विचारलं. उत्तर दिलं ते अन्नम्मा सिस्टरने, तिच्या मोडक्या मराठीत, छत्री आपटत. "मी रोज इंजेक्शन देते, रोज प्रार्थना पण करते. दोन हात दिला देव. दोन्ही वापर."

बाबांनी त्या बुटाला हात लावला नाही. तो चढवायचं काम आईचं, नंतर माझं. सकाळी तेल लावायचं झालं की ते उठून बाहेर जायचे आणि मग मी पट्टे आवळायची. त्या दोन गोष्टी आमच्या घरात एकमेकींच्या शेजारी राहायच्या, न बोलणाऱ्या जावांसारख्या.

रोह्याची सभा झाली तेव्हा मी शाळेत वरच्या वर्गात होते. मुंबईहून एक मोठे ब्रदर येणार होते, रोग्यांसाठी प्रार्थना करणारे. त्यांच्याबद्दल खूप ऐकलं होतं. सायकलला भोंगा बांधून बाबा गावोगाव फिरले. कुंडलिका नदीच्या अंगाला, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव पडला. जमिनीत भाताची कापलेली बुडखं होती, त्यांत माझा बूट अडकायचा. दुपारपासून लोक येत होते. बैलगाड्यांतून, गाडीतून, काहींना खाटेवर घालून आणलेलं. धाटावच्या कंपन्या तेव्हा नुकत्या उभ्या राहत होत्या. शिफ्ट सुटून आलेले कामगार मागे उभे होते. बाबा इकडून तिकडे पळत होते, घामाने सदरा अंगाला चिकटलेला. त्यांना इतकं आनंदात मी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही.

ब्रदर हिंदीत बोलायचे, आणि बाबा शेजारच्या माइकवर त्यांचं एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगायचे. ब्रदर मोठ्याने बोलले की बाबा मोठ्याने, ब्रदरांनी हात वर केला की बाबांचाही वर. ऊन उतरायला लागलं तशी प्रार्थना चढत गेली. लोक पुढे यायला लागले. एका म्हाताऱ्याने आपली काठी स्टेजवर टाकली. मग दुसऱ्याने टाकली. एका बाईने औषधाची बाटली ठेवली. स्टेजच्या कडेला काठ्यांचा ढीग झाला, आणि प्रत्येक काठी पडली की लोक आरडाओरडा करून देवाची स्तुती करायचे. त्यांतल्या काहींना खरंच बरं वाटलं असेल. मी आजही ते नाकारत नाही. त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी होतं.

मग कुणीतरी ब्रदरांच्या कानात काही सांगितलं.

"पास्टरजी की बेटी कहाँ है?"

बाबांनी ते भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच थांबले. पण मला शोधायला भाषांतर लागणार नव्हतं. लोकांनीच मला पुढे ढकललं. आईने माझा हात धरला होता, तो कधी सुटला ते कळलं नाही. स्टेजच्या फळ्यांवर माझा बूट वाजला. खट्, खट्.

"उतार दो ये लोहा," ब्रदर म्हणाले. "विश्वास से उतार दो."

बाबांच्या माइकमधून काही आलं नाही. लोक वाट बघत होते. ब्रदरांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि बाबांकडे बघितलं. बाबा माइकची दांडी धरून उभे होते. शेवटी ब्रदरांनीच वाकून पट्टे सोडले. त्यांच्या हातांना सुगंधी साबणाचा वास होता. दुष्ट माणूस नव्हता तो. त्याचे डोळे भरलेले होते. मला चालवायचंच, असं त्याला मनापासून वाटत होतं, मला ते स्पष्ट दिसलं.

मी एक पाऊल टाकलं. बुटाशिवाय चालायची माझी एक पद्धत होती, डावा हात गुडघ्यावर दाबून धरायचा. त्यांनी माझा हात गुडघ्यावरून काढला आणि वर केला, स्तुतीसाठी. लोक ओरडले. मी दुसरं पाऊल टाकलं आणि पडले. हनुवटी फळीवर आपटली.

ओरडणं बंद पडलं. मांडवाच्या बाहेर कुठेतरी रेडा रेकत होता, तो ऐकू यायला लागला.

ब्रदर सावरले. ते लोकांकडे वळून सावकाश म्हणाले, "किसी के घर में अविश्वास है. वही रोक रहा है." आणि त्यांनी बाबांना खूण केली, सांगा.

बाबांनी माइक खाली ठेवला. ते माझ्याकडे आले, स्टेजच्या फळ्यांवर मांडी घालून बसले आणि माझा बूट ओढून घेतला. बूट त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. त्यांनी माझं पाऊल त्यात घातलं, मग खालचा पट्टा बकलात घालायला लागले. ते चुकत होते.

"आधी वरचा पट्टा, बाबा," मी म्हटलं.

"व्हय?"

"व्हय. आधी वरचा."

त्यांनी वरचा बांधला. मग खालचा, उलटा. सगळी सभा ते बघत होती, आणि ते मात्र घरातल्या ओटीवर बसल्यासारखे, जीभ दातांत धरून, तेवढंच काम करत होते. मग उठले. माइक घेतला. त्यांचा आवाज गाडीतला नव्हता, सकाळचा होता, पण भोंग्याने तो शेतभर नेला.

"माजी पोर पडली. ती ह्या बुटात चालते. अविश्वास कुनाच्या घरात हाय मला ठाव नाय. ज्याला पायजे त्याच्यासाठी मी प्रार्थना करीन, सकालपर्यंत करीन. पन आपापली काठी उचला. आपापलं औषद उचला. हितं टाकून कुनी घरी जायाचं नाय."

कुणी हललं नाही. मग तो पहिला म्हातारा पुढे आला, मान खाली घालून. त्याच्यामागून इतर. काठ्या उचलायला गर्दी झाली. सगळ्या सारख्याच दिसायच्या. एक आजोबा एकेक काठी हातात तोलून बघत होते, "ही माजी नाय. माजी हलकी होती," म्हणत होते, आणि बाबा त्यांच्याबरोबर ढिगात वाकून शोधत होते. ब्रदर त्यांच्या माणसांबरोबर गाडीत जाऊन बसले होते. ती काठी सापडेपर्यंत बाबा स्टेजवरून उतरले नाहीत.

परतीच्या एसटीत आई माझ्याशेजारी बसली. तिने माझ्या हनुवटीला पदर लावला, मग पायाकडे बघितलं. "पट्टा उलटा बांधलाय," ती म्हणाली. पण तिने तो सोडला नाही. घरापर्यंत तसाच राहू दिला.

त्यानंतरच्या गोष्टी मला एका ओळीत आठवत नाहीत. मुंबईची माणसं येईनाशी झाली. भोंगा परत गेला. गोदामात रविवारी माणसं कमी दिसायला लागली, फिटर गेला, ढोलकी त्याची होती ती गेली. नुसत्या टाळ्यांवर गाणी व्हायला लागली आणि छतावरून तूसही कमी झडायला लागलं. आई त्याच सुमारास एका सकाळी कुणाला न विचारता म्हणाली की मला आता बाप्तिस्मा घ्यायचाय. भोगावती नदीत, भर थंडीत. पाणी बर्फासारखं होतं. अन्नम्मा सिस्टर काठावर टॉवेल घेऊन उभी राहून मोठमोठ्याने रडत होती, आई कुडकुडत हसत होती.

आणखी एक गोष्ट बंद झाली. बाबा सकाळी तेलाची बाटली घेऊन बसेनासे झाले. त्याबद्दल कुणी बोललं नाही. बाटली फळीवर तशीच राहिली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सकाळी गुडघा थोडा गार वाटायचा. दोन्ही खरं होतं. मी समजले, त्यांनी माझ्या पायाचा विषय सोडला. मोठी माणसं सोडतात तसा.

मग आम्ही रोह्याला राहायला गेलो. बाबांना धाटावच्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली. संध्याकाळी वारा फिरला की आमच्या खोलीत सडक्या लसणासारखा वास यायचा आणि कंपनीचा भोंगा वाजला की आई भात टाकायची. शिफ्ट नसेल तेव्हा बाबांची सेवा चालू असायची. पण तिची तऱ्हा बदलली होती. मोठी सभा त्यांनी पुन्हा घेतली नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की जायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, आणि आमेन म्हटल्यावर लगेच विचारायचे, "गोल्या कुठल्या चालू हायत? दाखव." गोळ्या चालू नसतील तर त्या माणसाला घेऊन दवाखान्यात जायचे आणि बाकावर बसून राहायचे. कुणी मराठी, कुणी बिहारी, कुणी ओडिया. भाषा येत नसली तरी बाबा त्यांच्याशी मराठीतच बोलायचे, जरा मोठ्याने.

एकदा डोंगरातल्या वाडीवरची एक बाई बाळंतपणात अडली. तिला झोळीत घालून खाली आणलं आणि बाबा हमरस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. येणारी एसटी थांबली. कंडक्टर त्यांच्याबरोबरचा जुना निघाला. गाडी मधल्या थांब्यांवर न थांबता सरळ पेणच्या दवाखान्यात गेली, सगळ्या उतारूंसकट, आणि एकाही उतारूने कुरकुर केली नाही म्हणे. मुलगा झाला. पुढच्या रविवारी वाडीवरचे लोक साक्ष द्यायला उभे राहिले, पास्टरच्या प्रार्थनेनं झालं म्हणाले. बाबा जागेवरूनच ओरडले, "आरं, ड्रायव्हरनं गाडी काय मारली! त्याचं नाव घ्या आधी!"

मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. बसून करायचं काम. लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. लग्न केलं नाही; तसं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. आई गेली. अन्नम्मा सिस्टर निवृत्त होऊन केरळला गेली, जाताना छत्री मला देऊन गेली. गोदाम कुणी विकलं, कुणी घेतलं, मला कळलं नाही. चाळीस-पन्नास माणसांच्या एकत्र श्वासाने ते गरम व्हायचं, यावर आज आत उभं राहिलं तरी विश्वास बसत नाही. मूर्तींच्या रांगांमधून मी हळू बाहेर आले. धक्का लागू दिला नाही. बाई म्हणाली, "झालं का बघून?" मी म्हटलं, "झालं."

रिक्षात बसल्यावर मला बाबांची शेवटची दुपार आठवली. शेवटची म्हणजे, ज्या दुपारी आम्ही नीट बोललो ती शेवटची.

रोह्याच्या दवाखान्यात होते ते. वय झालं होतं, शरीर कमी कमी होत चाललं होतं. चार दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. नर्स रागावून गेली, डॉक्टर समजावून गेले. मी पेज घेऊन बसले होते, मीठ घालून, वर थोडं तूप. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पंखा आवाज करत होता. पेज गार होत होती आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"बाबा, एक विचारू? माझ्या पायासाठी मागायचं तुम्ही कधी सोडलंत?"

त्यांनी मान वळवली. नवल वाटल्यासारखं बघितलं. "सोडलं? कवा सोडलं?"

"रोह्याच्या सभेनंतर. तेल लावायचं बंद केलंत."

"तेल बंद केलं. तुला लोकांनी लई बघितली त्या दिवशी. म्हटलं, आता पोरीला हात लावून आनखी लाजवायला नको." दम घेतला. "मागतो की. रोज मागतो. सकाली."

इतकी वर्षं. मी शाळेत गेले, नोकरी केली, निवृत्त झाले, बूट किती वेळा बदलले, आणि हा माणूस रोज सकाळी उठून तेच मागत होता, मला न सांगता.

"मग काय म्हणाला तो?"

"अजून काय नाय बोलला." त्यात तक्रार नव्हती. निरोप सांगावा तसं ते म्हणाले.

"राहू द्या आता, बाबा," मी म्हटलं. "मला ह्याची सवय झालीय. आता धड पाय आला तर मला चालताच यायचं नाही."

ते हसले. हसताना खोकला आला, मी पाठीवर हात फिरवला.

"मंग तूच सांग," ते म्हणाले. "काय मागू?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. माझ्यासाठी काय मागायचं ते आधीपासून ठरलेलं असायचं, सगळ्यांना दिसायचं. मी विचार करायला लागले आणि मनात काही येईना. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई आमच्याकडे कान लावून होती. हातातली वाटी जड वाटायला लागली.

"तुम्ही ही पेज खावी," मी म्हटलं. "एवढंच मागा."

बाबांनी डोळे मिटले. हात वर करायचा प्रयत्न केला, तो उशीपर्यंतच आला. आणि मग कुठून कोण जाणे, त्यांचा आवाज आला, गाडीतला, इंजिनावरून पार पुढे जाणारा. वॉर्डातली माणसं खाटांवर उठून बसली. दारात नर्स थबकली.

"प्रभू, माजी पोर आज पयल्यांदा तुज्याकडं काय तरी मागते. तिला नाय म्हनू नको."

आमेन म्हणाले, आणि तोंड उघडलं.